निबंधाचा विषय मिळाला, पण प्रश्न कुठे आहे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : ‘मी साक्री तालुक्यातल्या पांझरेकाठच्या गावची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजमध्ये “पाणी आणि समाज” या विषयावर अडीच हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे, महिनाभराची मुदत आहे. मी लिहून नेला तो सरांनी परत दिला. म्हणाले, चूक काही नाही, पण यात तू कुठेच दिसत नाहीस. मला कल्पनाच सुचत नाहीत. संशोधन करा म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं? गावात वाचनालय नावापुरतं आहे, हातात मोबाइल आहे. माझ्या आजोबांना फडाची, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीची, बरीच माहिती आहे, पण ते सगळं अहिराणीत सांगतात, ते निबंधात चालणार नाही ना?’

तू सोबत पाठवलेला निबंध मी दोनदा वाचला. ‘पाणी म्हणजे जीवन’ने सुरुवात, मग पृथ्वीवर पाणी किती, त्यातलं पिण्याजोगं किती, मग जंगलतोड, मग शासनाने काय करावं आणि शेवटी आपण नळ कसा जपून वापरावा. शुद्धलेखन चांगलं आहे, परिच्छेद सुटसुटीत आहेत. पण हाच निबंध साताऱ्याच्या एखाद्या मुलीने तिच्या कॉलेजात दिला असता, तरी त्यातला एक शब्द बदलावा लागला नसता. सरांना तेच म्हणायचं आहे. आणि तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत तू जे जाता जाता सांगून टाकलंस, आजोबांना फडाची माहिती आहे, ती ओळ वाचून मी थांबले. तुझा निबंध तिथे आहे.

खानदेशातल्या कॉलेजांत मी 31 वर्षं इतिहास शिकवला. ‘कल्पना सुचत नाहीत’ ही तक्रार दरवर्षी ऐकली, आणि ती करणारी मुलं बहुतेक वेळा हुशारच असायची. त्यांची अडचण एकच : त्यांच्याकडे विषय असायचा, प्रश्न नसायचा. ‘पाणी आणि समाज’ हा विषय आहे. त्याच्याकडे तासभर बघत बसलीस तरी तो काही बोलणार नाही. प्रश्न मात्र कामाला लावतो. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, काय वाचायचं हे तोच सांगतो. आणि प्रश्न निघतो डोळ्यांसमोरच्या अशा गोष्टीतून, जिचा मेळ बसत नाही.

आता फडाचंच घेऊ. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी : पांझरा, मोसम, आराम अशा नद्यांवर लोकांनी काही शतकांपूर्वी दगडी बंधारे बांधले. बंधाऱ्यापासून पाट काढला, पाटातून चाऱ्या, आणि उरलेलं पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडले, ते फड. एका फडात त्या हंगामात एकच पीक, आणि दरवर्षी पिकांची फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. पाट साफ करण्याचं काम सगळ्यांनी मिळून करायचं. नियम गावाने केले आणि गावानेच पाळले.

तुझ्या मनात यावर पहिला प्रश्न येईल, ‘फड पद्धत म्हणजे काय?’ तो लिहून ठेव आणि बाजूला सार. त्याचं उत्तर मी वर दहा ओळींत दिलं. जो प्रश्न कुठल्याही कोशात बघून सुटतो, त्यावर निबंध होत नाही. दुसरा प्रश्न येईल, ‘खानदेशातली पाणीटंचाई कशी दूर करावी?’ तो पाटबंधारे खात्याच्या सगळ्या इंजिनिअरांना मिळूनही अडीच हजार शब्दांत सुटायचा नाही. त्याच्या मागे लागलीस की ‘शासनाने केले पाहिजे’ अशी वाक्यं आपोआप येतात, कारण लिहिणाऱ्याच्या हातात दुसरं काही उरत नाही. तिसरा प्रश्न जरा डोकं खाजवून काढायचा. नदीकाठी दोन गावं असतील, एकाच नदीचं पाणी, एकाच काळातले बंधारे. एका गावचा फड अजून कसाबसा चालू आहे आणि दुसऱ्या गावचा बंद पडून लोक विसरूनही गेले. असं का? हा खरा प्रश्न. उत्तर तुला आधीपासून माहीत नाही, मला माहीत नाही, आणि तरी ते शोधता येईल इतकं जवळ आहे.

मुलांना मी एक कसोटी देत असे. तुझा प्रश्न घरी चुलीपुढे मोठ्याने म्हणून बघ. ऐकणारा ‘हो, बरोबर आहे’ म्हणून गप्प बसला तर प्रश्न अजून कच्चा आहे. त्याने ‘नाही, तसं नव्हतं ते’ म्हणून सांगायला सुरुवात केली, की समजावं प्रश्न लागला.

वाचन कुठून सुरू करायचं? मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तुझ्याच तालुक्यातले, 1901 साली पिंपळनेरला जन्मलेले. पण विश्वकोशातून निबंध उतरवायचा नाही. तिथून शब्द आणि दिशा घ्यायची. सिंचन, बंधारा, तापी, खानदेश यांविषयीच्या नोंदी वाचून ज्या शब्दांनी पुढे शोध घेता येईल ते वहीत लिही. शोधाची पट्टी ‘पाणी’ या शब्दाला लाखो पानं दाखवते. ‘फड बंधारा पांझरा’ टाकलंस की मोजकी, आणि त्यातली बरीचशी कामाची.

मग 1880 सालचं खानदेश गॅझेटियर बघ, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतला बारावा खंड. इंग्रजीत आहे, घाबरू नकोस. सगळं वाचायचं नाही. त्यातला शेती आणि पाटपाण्याचा भाग काढ आणि शब्दकोश घेऊन चार-पाच पानंच वाच. पश्चिमेकडच्या नद्यांवरच्या जुन्या बंधाऱ्यांचे उल्लेख तुला तिथे भेटतील. मात्र हे पुस्तक कुणी कुणासाठी लिहिलं ते वाचताना सोडू नकोस. कलेक्टर कचेरीला शेतसारा किती मिळेल याची काळजी होती, म्हणून बंधाऱ्याखाली किती जमीन भिजते हे त्यात काळजीपूर्वक येतं. रात्री चारीवर कोण उभं राहायचं हे येत नाही. भिल्ल समाजाबद्दल त्यात जे लिहिलंय ते राज्यकर्त्याच्या नजरेने लिहिलंय. साधन टाकून द्यायचं नाही, त्याची नजर ओळखून वापरायचं.

आकड्यांच्या बाबतीत एक सापळा सांगते, आपल्या भागात तो हमखास लागतो. 1991 च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाखांच्या वर आहे आणि 2011 च्या जनगणनेत 20,50,862. एका मुलाने यावरून ‘दुष्काळामुळे वीस वर्षांत पाच लाख लोक जिल्हा सोडून गेले’ असं लिहून आणलं होतं, आलेखासकट. बिचाऱ्याने मेहनत घेतली होती. पण 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, आणि 2011 ला एकट्या नंदुरबारची लोकसंख्या 16,48,295 होती. दोन्ही मिळवले की जवळजवळ 37 लाख होतात, म्हणजे लोक कमी झाले नाहीत, वाढले. तसंच 1880 च्या गॅझेटियरातला ‘खानदेश जिल्हा’ हा आजचा कुठलाही एक जिल्हा नव्हे. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. म्हणून दोन काळांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी विचारायचं : तेव्हा हद्द कुठपर्यंत होती? एकर होते की हेक्टर? एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, आणि जुने कागद बिघ्यात बोलतात. जुन्या मराठी कागदावर शके असेल तर 78 मिळवून इसवी सन काढायचा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79.

तुझ्या कामाचे आकडे गावपातळीवरचे आहेत. 2011 च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाववार माहिती आहे, कालव्याखाली किती जमीन भिजते, विहिरींवर किती, हेसुद्धा. ती इंटरनेटवर मोफत मिळते. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन शासन प्रसिद्ध करतं, ते कॉलेजच्या ग्रंथालयात विचार. तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर पीकपाहणी असते, त्यात ‘जलसिंचनाचं साधन’ असा रकाना असतो. घरचाच सातबारा काढ. जुन्या उताऱ्यावर पाट आणि नव्यावर विहीर दिसली, तर निबंधाचा निम्मा गाभा तुझ्या घरच्या कपाटात निघाला म्हणून समज.

धुळ्याला एक चक्कर मार, साक्रीहून एसटी आहेच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले, आणि लगेच 1927 साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून, जुन्या वाड्यांतली दप्तरं मिळवून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. त्या मंडळात एकदा पाऊल टाक. जुना कागद मोडी लिपीत असेल, तुला वाचता येणार नाही, चालेल. आधी फोन करून वेळ विचार, कॉलेजचं पत्र सोबत ने, आणि ‘पाण्यावर काही आहे का’ असं विचारू नकोस. ‘पांझरेवरच्या बंधाऱ्यांचे किंवा पाटाच्या वादाचे जुने कागद’ असं विचार. ग्रंथपालाला नेमकं विचारलं तर तो दिवसभर तुझ्यासाठी कपाटं उघडतो, हे मी कितीदा पाहिलंय.

आता आजोबा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्याजवळ हे सगळ्यांत मोलाचं आहे आणि तूच ते कमी समजतेस.

अहिराणीत सांगतात म्हणून चालणार नाही, हे तुला कुणी शिकवलं? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता म्हणत गेल्या आणि घरातल्या माणसांनी ते लिहून ठेवलं. 1951 मध्ये त्या गेल्या, पुढच्याच वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने आली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. टिपणारं कुणी नसतं तर काय राहिलं असतं? 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत होते. साने गुरुजी तिथे होते, त्यांनी लिहून घेतलं, म्हणून ती प्रवचनं आपल्याला वाचायला मिळतात. बोललेलं कागदावर उतरवणं हे आपल्या मातीत नेहमी मोठं काम राहिलंय. निबंधात आजोबांचं वाक्य अहिराणीतच अवतरणात दे आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ दे. शब्द बदलू नकोस. पाट, चारी, पाळी (आपल्या शेताला पाणी मिळण्याची वेळ) यांना गावात जे जे वेगळे शब्द असतील त्यांची वेगळी यादी कर. अशी यादी कुठल्याच पुस्तकात तयार मिळणार नाही.

पण विचारायचं कसं? ‘फड का बंद पडला?’ असं थेट विचारलंस तर एका वाक्यात उत्तर येईल : ‘लोकं पहिल्यासारखे राहिले नाहीत.’ म्हातारी माणसं सगळ्याच बदलांना हे उत्तर देतात आणि त्यातून काही हाती लागत नाही. कामाविषयी विचार. पाळी रात्रीची आली तर घरातून कोण जायचं? कंदील कोण धरायचं? पाटाचा गाळ काढायला घरटी किती माणसं लागायची, एखादा आला नाही तर त्याचं काय करायचे? पाटकऱ्याला मोबदला पैशात की धान्यात? शेवटची पाळी कधी धरली, त्या वर्षी घरात लग्न होतं का, कुणाचा जन्म झाला होता का? म्हाताऱ्यांना सन आठवत नाही, लग्न आठवतं. त्यावरून सन काढता येतो.

आणि एकट्या आजोबांवर थांबू नकोस. आजीला वेगळं विचार, आजोबा समोर नसताना. फडाची हकीकत पुरुष सांगतात तेव्हा त्यात बायका नसतातच. आजी सांगायला लागली की भाकरी घेऊन कोण जायचं, निंदणी कुणी केली, पाळीच्या रात्री घरी काय चालायचं हे सगळं येतं. त्यानंतर ज्यांच्या नावावर फडात गुंठाभरही जमीन नव्हती अशा घरात जा. गावाने मिळून नियम केले असं मी वर लिहिलं. गावाने म्हणजे नक्की कुणी? त्या बैठकीत कोण बसायचं आणि कोण उभं राहायचं? तुझ्या विषयातला ‘समाज’ हा शब्द इथे जिवंत होतो. ज्याला ज्या बाजूने पाणी मिळालं त्याला त्या बाजूचा इतिहास आठवतो. तीन घरांत तीन हकिकती निघाल्या तर गोंधळू नकोस, त्यांतला फरक हाच तुझा मुद्दा आहे.

मुलाखतीचं एक पथ्य मी फार किंमत मोजून शिकले. तरुणपणी माझ्या स्वतःच्या संशोधनासाठी मी गिरणाकाठी फिरत होते. एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने बांधावर बसून दोन तास मला पाण्याच्या पाळ्यांचा सगळा हिशोब सांगितला. मी भारावून ऐकत राहिले आणि रात्री मुक्कामी आठवून लिहिलं. नाव अर्धवट, गाव लिहिलं, तारीख नाही. वर्षाभराने मार्गदर्शकांनी विचारलं, हे कुणी सांगितलं, त्याला कसं माहीत, तो स्वतः पाटकरी होता की बापाकडून ऐकलेलं सांगत होता? मला सांगता येईना. परत गेले तेव्हा तो माणूस राहिला नव्हता. ती सात पानं मी प्रबंधात वापरू शकले नाही. त्याचं बोलणं माझ्यामुळे वाया गेलं ही बोच अजून आहे. म्हणून प्रत्येक भेटीच्या पानावर आधी चार गोष्टी : कोण, वय अंदाजे किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, आणि स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असशील तर आधी विचार. निबंधात नाव घालू का हेही विचार. नको म्हणाले तर ‘एक वयस्क शेतकरी’ लिही.

वही दोनशेपानी घे आणि डाव्या-उजव्या पानांची वाटणी कर. डाव्या पानावर साधन काय म्हणतं ते, पुस्तक असेल तर पान नंबरासकट, शब्दशः उतरवलं असेल तर अवतरण चिन्हांत. उजव्या पानावर तुला काय वाटतं ते. बहुतेक मुलं चोरीच्या इराद्याने नक्कल करत नाहीत. वहीत दुसऱ्याचं वाक्य आणि आपलं वाक्य एकाच शाईत शेजारी पडलेलं असतं, तीन आठवड्यांनी कोणतं कुणाचं ते कळत नाही. उजवी पानं कोरी राहायला लागली तर समज की तू फक्त गोळा करत सुटली आहेस. मग वाचन थांबव आणि एक दिवस नुसती उजवी पानं भर. कल्पना तिथे येतात, बसल्या बसल्या आभाळातून नाही येत.

काम करता करता तुझं मत बदलेल, बदलू दे. समज, तू धरून चाललीस की वरती लाटीपाड्यासारखं धरण झालं आणि म्हणून खालचा फड सुकला. आजोबांनी सांगितलं की धरणाच्या आधीच गावात विजेच्या मोटारी आल्या, ज्यांच्या विहिरी झाल्या त्यांना पाळीची गरज उरली नाही आणि ते पाट साफ करायला येईनात. सातबारा बघितलास तर विहिरींच्या नोंदी कोणत्या वर्षी वाढल्या ते कळेल. धरणाचं वर्ष आणि हे वर्ष शेजारी मांड. पहिला अंदाज चुकला तर तो निबंधातून पुसू नकोस. ‘मला आधी असं वाटलं होतं, पण या नोंदीमुळे ते टिकत नाही’ हे वाक्य ज्या निबंधात असतं, तो मी नेहमी वरच्या गठ्ठ्यात ठेवला. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी एक तरी गोष्ट मुद्दाम शोध. शिरपूर तालुक्यात 2004 पासून नाले रुंद आणि खोल करून, बंधारे घालून पाणी जिरवण्याचं मोठं काम झालं. तिथली रचना फडासारखी नाही. मग पाणी टिकवायला गावची एकी लागतेच, असं म्हणता येईल का? याचं उत्तर दोन परिच्छेदांत दिलंस तरी निबंध वजनदार होईल.

एआयला विचारू का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारणार आहेस. इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ समजून घ्यायला, शोधायचे शब्द सुचवायला खुशाल वापर. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस. माझ्याकडे एक मुलगी सहा पुस्तकांची यादी घेऊन आली होती, नावं अगदी भारदस्त. त्यातली तीन कुठल्याच ग्रंथालयात नव्हती, कारण ती कुणी लिहिलेलीच नव्हती. जे पुस्तक हातात घेतलं नाही किंवा पडद्यावर उघडून पाहिलं नाही, त्याचा हवाला द्यायचा नाही. आणि तुझ्या आजीला पाळीच्या रात्री काय करावं लागायचं, हे त्याला ठाऊक असण्याचं काही कारणच नाही.

लिहिण्याबद्दल फार सांगत नाही, तुझा हात चांगला आहे. पहिला मसुदा वही मिटून लिही. जे आठवतं ते महत्त्वाचं असतं. तारखा आणि आकडे नंतर वही उघडून भर. सुरुवात चारीवरच्या एखाद्या रात्रीने कर किंवा दोन सातबाऱ्यांनी, पण पृथ्वीच्या पाण्यापासून नको. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ लिही : हा माझ्या प्रश्नाला काय देतो? ओळ सुचली नाही तर तो परिच्छेद कितीही सुंदर असो, काढून टाक. जुन्या निबंधातला जंगलतोडीचा परिच्छेद तसाच जाईल, हळहळू नकोस.

महिन्यातला पहिला आठवडा फक्त प्रश्न ठरवणं आणि विश्वकोश-गॅझेटियर. पुढचे दोन आठवडे भेटी, तलाठी कार्यालय, धुळे. शेवटचा लिहायला. आजोबांकडे सकाळी जा, जेवणानंतर त्यांना झोप येते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पहिल्या दिवशी वही काढूच नकोस. त्यांना घेऊन बंधाऱ्यापर्यंत चालत जा, नाही जमलं तर कुणाच्या गाडीवरून. जागेवर उभं राहिलं की माणसाला आठवतं. पाट कुठून निघत होता ते त्यांना हाताने दाखवू दे, आणि घरी आल्यावर त्याचा नकाशा त्यांच्यासमोर बसून काढ. चुकलीस तर ते पेन्सिल तुझ्या हातातून घेतील. त्यांनी दुरुस्त केलेला तो नकाशाच निबंधाला जोड, नव्याने नीट काढू नकोस.